नगर, श्वान आणि जंत

प्रस्तावना

महापालिकेच्या सभागृहात कुत्र्यांचा विषय निघाला म्हणजे चर्चा बहुधा दोन तक्रारींभोवती फिरत राहते. कुत्री चावतात ही एक, आणि रात्री भुंकून झोपमोड करतात ही दुसरी. पहिल्या तक्रारीमागे रेबीजची रास्त भीती आहे, आणि त्या भयंकर व्याधीचे गांभीर्य तसूभरही कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु रेबीज विषाणूचा रोग आहे, त्याच्या लशीची, दवाखान्यांची आणि आकडेवारीची काही ना काही तजवीज सरकार-दरबारी झालेली आहे, आणि त्याचे नाव घेतले की साऱ्यांचे कान टवकारतात. ज्याचे नाव घेतल्यावर कोणाचेच कान टवकारत नाहीत, जो दंश करीत नाही, ज्याची जखम दिसत नाही आणि ज्याचा परिणाम कित्येकदा दहा-दहा वर्षांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघड होतो, असा एक निराळा व्यवहार कुत्रा आणि माणूस ह्यांच्यामध्ये अव्याहत चालू असतो. तो व्यवहार जंतांचा आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

ह्या व्यवहारात मूळ अपराधी म्हणून कुत्र्याकडे बोट दाखविण्याची आपल्याला सवय जडली आहे. वस्तुतः कुत्रा केवळ वाहक आहे. त्याने कोणते जंत वाहावेत, किती वाहावेत आणि कोणाच्या अंगणात नेऊन टाकावेत, हे कत्तलखान्याची भिंत, गटाराचा उतार, उकिरड्याची जागा आणि नळाचे वेळापत्रक ह्यांनी, म्हणजे पर्यायाने शहराने, ठरविलेले असते. एवढे एकच प्रमेय सोलापूरच्या दाखल्याने मांडावे, एवढाच ह्या लेखनाचा प्रपंच.

सोलापूरचाच दाखला का, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर ह्या शहराच्या घडणीत आहे. ज्या गावाच्या ग्रामदैवताची, बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची, कीर्ती तलाव खोदून लोकांना पाणी देणारा योगी अशी आहे, त्या गावात भुईकोट किल्ला आणि तलाव ह्यांच्या आसऱ्याने पेठा वसल्या. मग रेल्वे आली, १८७७ साली जुनी गिरणी निघाली, पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू ह्या गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकातून आलेले लिंगायत, आसपासच्या दुष्काळी मुलखातून आलेले मराठी कष्टकरी ह्यांनी शहराचा पूर्व भाग दाटीवाटीने भरून गेला. १८५० नंतरच्या दशकात येथे नगरपालिका आली, १९६४ साली तिची महानगरपालिका झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या दोन्ही तारखांपेक्षा महत्त्वाची तारीख १९९२ ची आहे. त्या वर्षी हद्दवाढ झाली आणि पूर्वी सुमारे तेहतीस चौरस किलोमीटरांत मावणारे शहर एका हुकमासरशी सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरांचे झाले. भोवतालची गावे आपल्या गोठ्यांसह, मेंढवाड्यांसह आणि राखणीच्या कुत्र्यांसह शहरात आली. पण गटारे, घंटागाड्या आणि पाण्याच्या नळ्या त्यांच्या मागोमाग त्याच वेगाने आल्या नाहीत. आजही सोलापूरकर ज्या वस्तीला ‘हद्दवाढ भाग’ म्हणून ओळखतात, तेथे खेड्याचे जनावर आणि शहराचा कचरा एकाच पडिक जागेवर भेटतात, आणि परोपजीवी जंतांना ह्याहून अनुकूल भेट दुसरी नाही.

निसर्गाने ह्या बाबतीत सोलापूरवर कृपाच केली आहे, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या वर सहज जाणारे तापमान आणि तडे पडणारी काळी भुई, हे सारे जंतांच्या अंड्यांना आणि अळ्यांना मारक असते. कुत्र्याच्या आतड्यातील अंकुशकृमीचे उदाहरण घ्या. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात त्यांतून अशी अळी तयार होते की जी अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरू शकते. मात्र त्या आठवडाभरात तिला ओल हवी, सावली हवी आणि भुसभुशीत माती हवी. वैशाखातल्या उघड्या माळावर तिला ह्यांपैकी काहीच मिळत नाही. सूर्य तेथे बिनपगारी आरोग्याधिकारी होऊन काम करतो. मग ह्या कोरड्या मुलखातल्या शहरात अळीला ओल पुरवितो कोण? उत्तर सांगताना मन खिन्न होते, कारण ती ओल आपण पुरवितो. चावीवाला पाणी सोडतो तेव्हा गळक्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याभोवती जी जमीन भिजते ती, सांडपाण्याच्या उघड्या गटाराच्या दोन्ही काठांची पट्टी, सार्वजनिक नळाच्या कट्ट्यामागची कधीच न वाळणारी चिखलाची जागा, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे बांधकामाच्या वाळूचा ढीग. हद्दवाढ भागात घराचे काम सुरू नाही अशी गल्ली विरळा. भिंतींवर रोज पाणी मारले जाते, त्याने ढिगाचा पायथा ओला राहतो. उन्हाने त्रासलेले कुत्रे तो गारवा शोधून तेथेच पसरते आणि तेथेच घाण करते. आणि संध्याकाळी गल्लीतली सारी मुले त्याच ढिगावर किल्ले बांधतात. एका ढिगावर जनावर, ओल, सावली आणि बालक ह्यांना एकत्र आणणारी ही योजना कोणी आखलेली नाही, पण ती आखली असती तरी ह्याहून चोख झाली नसती.

अंकुशकृमींच्या सर्व जाती माणसाशी सारख्याच वागत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कुत्र्याची सर्वपरिचित जात माणसाच्या कातडीत शिरली तर बहुधा वाट चुकते आणि त्वचेखाली वेडीवाकडी, तीव्र खाज सुटणारी तांबडी रेघ ओढीत फिरून अखेर मरते. परंतु ज्या जातीला शास्त्रज्ञांनी सिंहलद्वीपावरून ‘सेलॅनिकम’ हे नाव दिले, ती माणसाच्या आतड्यात स्थिरावते, वाढते आणि रक्त पिते. १९१३ साली क्लेटन लेन ह्या डॉक्टराने बंगालमध्ये ती माणसांत आढळल्याची नोंद केली होती. त्यानंतर पुष्कळ काळ तिला दुसऱ्याच जातीत मोजले गेले, आणि आनुवंशिक तपासणीची साधने हाती आल्यावर अलीकडे कोठे कळून आले की दक्षिण व आग्नेय आशियात ही जात माणसांतही चांगलीच पसरलेली आहे. पांढरीफटक पडलेली मुलगी दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या रक्तक्षयाचा उगम दारातल्या कुत्र्यापर्यंत पोहोचत असेल, ही शंका तपासणाऱ्याच्या मनात यावी, एवढ्यासाठी हा तपशील.

गोलजंताची गोष्ट निराळी आणि माझ्या मते अधिक करुण. ‘टॉक्सोकारा’ ह्या नावाने ओळखला जाणारा कुत्र्याचा गोलजंत आईच्या गर्भाशयातूनच पिलांकडे जातो, त्यामुळे गल्लीत जन्मलेले जवळजवळ प्रत्येक पिलू जंत घेऊनच डोळे उघडते. एक मादी जंत दिवसाला लाखाहून अधिक अंडी घालते. ताजी विष्ठा ह्या बाबतीत निरुपद्रवी असते. अंडे मातीत दोन-तीन आठवडे पक्व झाल्यावरच धोका सुरू होतो, आणि सावलीच्या, दमट जागी ते पुढे काही वर्षे टिकते. म्हणजे जी घाण डोळ्यांना दिसते तिच्यापेक्षा जी पावसाने, पायांनी आणि केरसुणीने मातीत मिसळून दिसेनाशी झाली, ती अधिक घातक. असे अंडे मुलाच्या पोटात गेले की त्यातील अळी यकृतात, फुफ्फुसांत, क्वचित डोळ्यात भटकत राहते. १९५० साली अमेरिकेतील विल्डर ह्या विदुषीने अर्बुद समजून काढून टाकलेल्या मुलांच्या डोळ्यांत अशा अळ्या दाखविल्या, आणि दोन वर्षांनी बीव्हर व त्याच्या सहकाऱ्यांनी शरीरभर भटकणाऱ्या ह्या अळीच्या विकाराला त्याचे वैद्यकीय नाव दिले.

हे सोलापूरच्या पूर्व भागात कसे उतरते ते पाहावे. येथे हजारो घरांत विडी वळली जाते. घरची बाई मांडीवर सूप घेऊन, ओली केलेली तेंदूची पाने कातरीत, दिवसाची हजारी पुरी करण्याच्या धडपडीत उंबऱ्याशी बसते, कारण उजेड आणि वारा तेथेच मिळतो. आणि रांगते मूल तिच्या नजरेच्या टप्प्यात, म्हणजे ओट्याखालच्या मातीत, खेळते. त्याच ओट्याच्या आडोशाला व्यालेली कुत्री चार पिले घेऊन पडलेली असते, आणि मुले त्या पिलांना उराशी धरतात. मुलाचा हात वारंवार धुवावा, हा उपदेश करणे सोपे आहे. परंतु उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण होऊनही ज्या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येणे कित्येक वर्षे सवयीचे होऊन बसले, तेथे पिंपातला प्रत्येक तांब्या मोजून उपसणाऱ्या मातेला हा उपदेश करण्यापूर्वी उपदेशकाने थोडे थांबावे, असे मला कळकळीने म्हणायचे आहे. हात धुणे हा व्यक्तीचा गुण खरा, पण हात धुण्याइतके पाणी हा नगराच्या कारभाराचा प्रश्न आहे.

आता ज्या रोगासाठी मी ह्या पुस्तकातील सर्वांत अधिक पाने खर्ची घातली आहेत, त्याकडे वळतो. ‘एकायनोकॉकस’ नावाचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबीने तो तांदळाच्या दाण्याहून मोठा नसतो आणि कुत्र्याला त्याचा काही त्रासही होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, खुद्द कुत्र्याच्या केसांवर चिकटतात. शेळी, मेंढी वा म्हैस ती चरताना गिळते, आणि तिच्या यकृतात वा फुफ्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढू लागते. ते जनावर कापले गेले, ती गाठ असलेले काळीज किंवा फोपसे खाटकाने कुत्र्यापुढे फेकले, की गाठीतील असंख्य सूक्ष्म शीर्षांपासून कुत्र्याच्या पोटात नवे कृमी उभे राहतात, आणि सुमारे सहा-सात आठवड्यांत ते पुन्हा अंडी घालू लागतात. माणूस ह्या चक्रात मेंढीच्या जागी चुकून सापडतो. त्याच्या यकृतातली गाठ इतक्या सावकाश वाढते की बालपणी गिळलेल्या अंड्याचा जाब तिशीत द्यावा लागतो. डॉक्टर हिला ‘हायडॅटिड’ म्हणतात. शस्त्रक्रियेत ती फुटली तर आतील द्रव पोटात सांडून जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि सांडलेल्या प्रत्येक कणापासून नवी गाठ धरू शकते. म्हणून अनुभवी शल्यचिकित्सकही तिच्यावर जपून हात घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कोणत्याही वेळी जगात दहा लाखांहून अधिक माणसे ह्या रोगवर्गाने ग्रासलेली असतात, आणि तरीही दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याची गणना होते.

ह्या चक्राकडे जरा निरखून पाहिले तर ध्यानात येईल की त्यात निसर्गाचा भाग थोडा आणि माणसाच्या हाताचा भाग मोठा आहे. कुत्रे आपण होऊन म्हैस मारू शकत नाही. म्हशीचे फोपसे त्याच्यापर्यंत पोहोचते ते कोणीतरी ते टाकल्यामुळेच. महाराष्ट्रात कत्तलीच्या जनावरांतील अशा गाठींची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा म्हशींशी निगडित असा ह्या कृमीचा वाण वरचेवर आढळला. आणि लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ज्या जिल्ह्याचे भूषण, दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर ज्याच्या माळांवरून शतकानुशतके हिंडले, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला ही बाब परकी मानता येणार नाही. कळपामागे चालणाऱ्या कुत्र्याला मेलेल्या मेंढीचे आतडे मिळते, आणि शहरातल्या कुत्र्याला दुकानामागच्या बोळातली वजडी. पूर्वी माळावर पडलेले जनावर गिधाडे काही तासांत साफ करीत. १९९० नंतर जनावरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने ती झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, पण तोवर त्या पंगतीत कुत्र्यांचा पाट मांडला गेला होता. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या दीड कोटीच्या वर भरली.

चक्र तोडता येते, ह्याचा उत्तम पुरावा उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या एका तेव्हा दरिद्री असलेल्या बेटाने दिला आहे. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघर होता. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे हा डेन्मार्कचा वैद्य तेथे गेला, त्याने शंभर कुत्र्यांची शवविच्छेदने केली आणि चतुर्थांशाहून अधिक कुत्र्यांत हा कृमी त्याला आढळला. त्यानंतर त्याने जे केले ते मला त्या तपासणीपेक्षाही थोर वाटते: साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली, आणि ती सरकारने घरोघर फुकट वाटली. गाठीचे अवयव जाळा वा पुरा, कुत्र्याला देऊ नका, एवढाच तिचा गाभा होता. १८९० मध्ये कायदा झाला, कुत्र्यांच्या औषधाची व्यवस्था झाली, पुढे मेंढ्यांची कत्तल बंदिस्त कत्तलखान्यांत होऊ लागली, आणि ज्या देशात हा रोग घराघरांत होता तेथून तो हद्दपार झाला. त्या बेटावर तेव्हा आजची औषधे नव्हती. होती ती वाचणारी प्रजा आणि हुकमाची अंमलबजावणी करणारे शासन.

आपल्याकडेही एक मोठा विजय जमेस आहे, आणि तो विसरला जाऊ नये. नारू नावाचा दोन-तीन फूट लांबीचा कृमी पायातून बाहेर निघत असे तेव्हाच्या वेदना महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातील वृद्धांना अजून आठवतात. पायऱ्यांच्या विहिरी बुजविल्या वा बदलल्या, पाणी गाळून पिण्याची सवय लावली, आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. परंतु आफ्रिकेतील चाड देशात हाच नारू २०१२ पासून कुत्र्यांत दिसू लागला. तेथील संशोधकांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवले त्यांत नदीकाठी टाकलेली माशांची कच्ची आतडीही होती. म्हणून आतडी पुरा आणि कुत्री बांधून ठेवा, अशी मोहीम तेथे घ्यावी लागली. सोलापूर, आइसलँड आणि चाड ह्यांच्या हवापाण्यात काडीचे साम्य नाही, आणि तरी तिन्ही ठिकाणी वाट आतड्याच्या टाकाऊ तुकड्यावरूनच जाते.

कुत्र्यांना मारून टाका म्हणजे प्रश्न मिटेल, असे म्हणणारे सज्जन भेटतात. त्यांच्या त्राग्यामागची भीती मी समजू शकतो, पण त्यांचा मार्ग मला अमान्य आहे, आणि तो केवळ दयेपोटी नव्हे. म्युनिसिपालट्यांनी पिढ्यान्पिढ्या विषाच्या गोळ्या घालून पाहिल्या. अन्न तसेच पडून राहिल्यामुळे रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येऊन बसली, आणि त्यांच्या तरुण, नव्याने व्यालेल्या पिढीत गोलजंत उलट अधिक. दयेचा पक्षही लहान नाही. ज्या जिल्ह्यात अक्कलकोट आहे, दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान ज्याच्या घराघरांतील देव्हाऱ्यात आहेत, बाळ्याच्या खंडोबाला जो चंपाषष्ठीला जातो, आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ज्याने पंढरपुरात पाहिले, त्या मुलखातील माणूस दारच्या कुत्र्याला चतकोर घालणारच. त्याने तो घालावा. फक्त ती चतकोर भाकरीची असावी, कच्च्या फोपशाची नसावी. आणि खायला घालणाऱ्यानेच वर्षातून काही वेळा जंताची गोळी घालण्याचाही वसा घ्यावा, एवढी माझी विनंती आहे.

कायद्याची वाट आता बरीच स्पष्ट झाली आहे. २००१ मध्ये निर्बीजीकरणाचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांसंबंधी आदेश सुधारून देताना निर्बीजीकरण व लसीकरण ह्यांच्या जोडीला जंतनाशकाचाही उल्लेख केला. त्या एका शब्दाकडे वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. तथापि पकडलेल्या कुत्र्याला एकदा दिलेले औषध पुरत नाही, कारण सहा आठवड्यांनी तेच कुत्रे त्याच दुकानामागे नवे फोपसे खाऊन पुन्हा अंडी टाकू लागलेले असते.

खरी अडचण दप्तरांची आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने सफाई आणि कत्तलखाना ही दोन्ही कामे पालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत घातली. परंतु कुत्रे एका खात्याचे, कचरा दुसऱ्याचे, पाणी तिसऱ्याचे, मूल आरोग्यखात्याचे आणि मेंढी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धनाची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ही मोठी सोय आहे. पण त्याच शाळेच्या फाटकाबाहेर झोपलेल्या कुत्र्याला त्या दिवशी गोळी देणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूर भागांतूनही रोगी येतात. तेथे हायडॅटिडची गाठ निघाली, तर त्या रोग्याच्या गावच्या पशुवैद्यकाला एक पत्र जावे, अशी साधी तरतूद मी ह्या पुस्तकात सुचविली आहे, आणि अधिकाऱ्यांनी तिचा विचार करावा असा माझा आग्रह आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. जीवशास्त्राच्या क्रमाने लिहायचे तर आरंभ कृमीच्या शरीररचनेपासून करावा लागता. मी तो शहराच्या क्रमाने केला आहे. आधी कत्तलखाना आणि मटणाची दुकाने, मग तुळजापूर रस्त्यावरचा कचरा डेपो आणि गल्लीतले उकिरडे, मग पाणी आणि गटारे, मग शाळा, होम मैदान आणि वाळूचे ढीग, आणि शेवटी विडी कामगाराच्या घराचा उंबरा. खाटकाच्या ओट्याला पहिले स्थान देण्याचे कारण त्याला दोष देणे हे मुळीच नाही. तोही ह्याच शहराचा कष्टकरी आहे आणि सर्वांत आधी धोका त्यालाच आहे. गाठ असलेले यकृत वा फुफ्फुस अर्धा तास उकळल्याने त्यातील कृमी निश्चित मरतात, असे प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. तेव्हा शहरातील प्रत्येक मटण बाजारात झाकणाचे एक पिंप, एक मोठे पातेले, त्याखाली पेटती शेगडी, आणि त्या अर्ध्या तासाचा पगार मिळणारा एक माणूस, ह्यांचा खर्च किती येईल त्याचा अंदाज पहिल्या प्रकरणात वॉर्डवार दिला आहे. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी नगरसेवकांनी तो पाहावा.